केंचीचा वाटा

अवरेकाईचे, म्हणजे आमच्याकडच्या पावट्याचे, दिवस आले की माझं डोकं फिरतं. चामराजपेटेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी सकाळीच त्या शेंगांचे ढीग पडतात. दवात भिजलेल्या शेंगांना तेलकट, उग्र वास असतो आणि त्या वासानं सगळं बेंगळूर वेडं होतं. कुणी सांबार करतं, कुणी उप्पीट. कुणी दाणे भिजत घालून मग एकेक चिमटीत दाबून सालातून सुळकन बाहेर काढत बसतं. माझ्याही घरी हे सगळं होतं. बोटं काळी पडतात, मान अवघडते, आणि दाणे सोलता सोलता मी काही माणसांना मनातल्या मनात शिव्या देते. घरात कुणी नसेल तर मोठ्यानं देते. जन्मभर शाळेत शिकवलंय, त्यामुळे उच्चार स्वच्छ असतात.

शिव्यांचे मानकरी ठरलेले आहेत. माझी अक्का त्यांना 'प्रोजेक्टवाले' म्हणते, मीही तेच म्हणते. एक-दोन गाई पाळून घर चालवणाऱ्या माणसांचा विकास करायला ही मंडळी आली होती. विकास केला आणि गेली. मागं काय उरलं ते बघायला कुणी फिरकलं नाही. कसे फिरकतील? तोवर त्यांना दुसऱ्या कुणाचा तरी विकास करायचा होता ना!

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आमची घरं इथं इतक्या पिढ्यांची की कुणाच्या फौजेबरोबर आलो हेही आता नीट सांगता येत नाही. आमच्या मराठीत कन्नड असं मुरलंय की पुण्याचे पाहुणे गालातल्या गालात हसतात. हसू देत बापडे. अक्काला दिली ती बोम्मसंद्र्याच्या मागच्या एका गावात, आपल्याच माणसांत. दाजी, म्हणजे तिचे यजमान, कारखान्यात कामाला लागले आणि गोठा सगळा अक्काच्या अंगावर आला. अंगावर आला असं मी म्हणते. ती म्हणायची, "माझ्या हातात आला."

त्या गोठ्यात केंची होती. केंची म्हणजे तांबडी. बुटकी, आखूड शिंगांची, कान सतत हलवणारी गाय. तिच्या गळ्यात निळ्या मण्यांची आणि कवड्यांची माळ होती. ती माळ अक्कानं माझ्या एका जुन्या साडीच्या काठाची वेणी घालून ओवली होती. मी शाळेत पहिल्या दिवशी नेसलेली साडी, पिवळ्या काठावर लाल रुईफूल. "तुझी साडी शाळा शिकली, आता गाय शिकेल," असं म्हणून अक्का खदाखदा हसली होती. केंची तांब्या-दीड तांब्या दूध द्यायची. त्याहून जास्त तिच्याकडे कुणी कधी मागितलंही नव्हतं.

अक्काच्या घरी ताक विकत नसत. दूध विकायचं, तूप विकायचं, ताक मात्र मागेल त्याला द्यायचं, अशी त्या सगळ्या गावाचीच रीत होती. सकाळी उन्हं अंगणात आली की मुनियक्का यायची. मुनियक्काला जमीन नाही, जनावर नाही. ती तळ्याकाठचं गवत कापून भारा डोक्यावर आणायची, गोठ्याशी दाणकन टाकायची आणि पदराखालून चेंबू काढायची. "मज्जिगे इदेया, अक्का?" म्हणजे ताक आहे का. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. गवत किती, ताक किती, असला हिशेब त्या दोघींनी कधी केला नाही. मुनियक्काच्या घरी नाचणीच्या मुद्द्याबरोबर, म्हणजे उकडलेल्या गोळ्याबरोबर, ताक असायचं, केंचीला ओलं गवत असायचं, आणि काठ रोज कापला जाई म्हणून तळ्याचं पाणी लांबूनही दिसायचं. मी सुट्टीला जायची तेव्हा हे रोज बघायची आणि त्यात बघण्यासारखं काही आहे असं मला वाटायचंही नाही.

संक्रांतीला इथं तिळगुळाच्या वड्या नसतात. पांढरे तीळ, गुळाचे बारीक खडे, सुक्या खोबऱ्याचे काप, शेंगदाणे आणि डाळं असं एकत्र कालवलेलं एळ्ळु-बेल्ल असतं. ते घरोघर वाटायचं. पण अक्काच्या घरात पहिली मूठ गाईची. अक्का हात पुढं करायची, केंची खरखरीत जिभेनं तळवा पुसून घ्यायची, आणि मगच घरातल्या माणसांनी तोंडात टाकायचं. लहान पोरांनासुद्धा त्यात सवलत नव्हती. त्याला गाईचा वाटा म्हणत. संध्याकाळी रस्त्यावर भाताचा पेंढा पसरून पेटवायचा आणि रंगवलेल्या शिंगांच्या गाई-बैलांना त्या जाळावरून उड्या मारायला लावायच्या. वर्षाची इडापिडा जळते म्हणतात. जळत असेल. केंची मात्र हौसेनं उडी मारायची. शेपूट वर करून, दोरी धरणाऱ्याला फरफटत नेऊन ती अशी पलीकडे जायची की बाया ओरडायच्या आणि अक्का पदर तोंडाला लावून हसायची.

आणि मग अवतरले प्रोजेक्टवाले. पांढऱ्या गाडीतून. गळ्यात गुरांच्या दाव्यासारखे ओळखपत्राचे पट्टे. त्यांच्यातल्या मुख्य साहेबांना अक्का 'दाव्यातले साहेब' म्हणायची. देवळासमोर पडदा लावून त्यांनी चित्रं दाखवली. पहिल्या चित्रात वाळकी गाय आणि रडकी बाई, दुसऱ्यात लठ्ठ गाय आणि हसरी बाई. एवढं बघितल्यावर कुणाला कळणार नाही? गावातल्या बायांना 'सक्षम' करायचं होतं म्हणे. ज्या बाया पहाटेपासून गोठ्यात राबून दूध घरोघर घालून स्वतःच्या कनवटीला चार पैसे लावत होत्या, त्यांना सक्षम करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्यांना विचारायचं राहून गेलं. केलं ते एवढंच, की दूध केंद्रावर जायला लागलं आणि पैसे दाजींच्या खात्यात.

मोठ्या काळ्या-पांढऱ्या गाई आल्या. म्हशीएवढ्या! त्यांना ऊन सोसेना म्हणून गोठ्यात पंखा आला. घरात दाजींची म्हातारी आई ताडपत्राच्या पंख्यानं वारा घेत होती आणि गोठ्यात विजेचा पंखा गरगरत होता. गाईंच्या खाली रबराची गादी आली. त्यांच्यासाठी नेपियर गवत लावलं, गवताला पाणी हवं म्हणून बोअर मारली, शेजाऱ्यानंही मारली, मग त्याच्या शेजाऱ्यानं आणखी खोल मारली. विहिरी आटल्या. गोठे दिवसातून दोनदा धुवायचे, असं साहेबांचं फर्मान. धुतलेलं पाणी, शेणासकट, उताराला धरून थेट तळ्यात. पूर्वी शेण शेतात जायचं, गोवऱ्या व्हायच्या. आता ते इतकं झालं की कुणाला नको झालं. वरून बोम्मसंद्र्याच्या कारखान्यांचं पाणी होतंच. एका उन्हाळ्यात तळ्यावर फेस आला. साहेबांनी तळ्याकडे पाठ करून आमच्या अक्काला स्वच्छतेवर व्याख्यान दिलं. मी तिथंच उभी होते. इतका निर्लज्ज माणूस मी शाळा तपासायला येणाऱ्यांतही पाहिला नाही, आणि तिथं काही कमी नव्हते.

सगळं दूध केंद्रावर, म्हणजे घरात विरजण नाही, विरजण नाही म्हणजे ताक नाही. एक केंचीच तेवढी उरली. तिचं तांब्याभर दूध केंद्राच्या खिजगणतीत नव्हतं, म्हणून अक्का ते घरी ठेवायची, घुसळायची आणि मुनियक्काचा चेंबू भरायची. मुनियक्का आता लांबून, तळ्याच्या वरच्या अंगाहून, फेस पोचत नव्हता तिथून गवत आणायची. मोठ्या गाईंना ते चालत नव्हतं. त्यांचं खाणं पोत्यातून यायचं. गवत केंचीसाठी आणि ताक मुनियक्कासाठी, एवढी एकच जुनी गोष्ट त्या घरात उरली होती. अक्का ती दोन्ही हातांनी धरून होती.

साहेबांच्या डोळ्यांत तीच खुपत होती. "अक्का, ही अनुत्पादक आहे. काढून टाका." हे वाक्य ते दर भेटीत म्हणायचे. अक्का म्हणायची, "सरी सरी," आणि पुढच्या भेटीत केंची तिथंच असायची. आमच्याकडे 'सरी' म्हणजे ठीक आहे. ते तोंड बंद करायलाही वापरतात, हे साहेबांना माहीत नव्हतं.

मग आली ती संक्रांत. दिल्लीहून मोठ्या बाई येणार होत्या, बरोबर शूटिंग करणारी टोळी होती. परंपरा आणि आधुनिक तंत्रज्ञान यांचा संगम दाखवायचा होता. माझ्या शाळेला सुट्टी होती म्हणून मीही गेले होते. सकाळीच दाव्यातल्या साहेबांचा निरोप आला: संकरित गाई जाळावरून उडी मारतील, आणि ती तांबडी कुठं दिसता कामा नये. अक्कानं मुकाट्यानं केंचीला मुनियक्काच्या झोपडीपाशी नेऊन बांधलं. जाताना तिच्या गळ्यातली माळ सारखी केली. "पाहुणे गेले की आणते हं तुला," असं तिच्या कानात म्हणाली.

संध्याकाळी काय तमाशा झाला म्हणून सांगू! पेंढा पेटला. पहिली काळी-पांढरी गाय जाळ बघताच मागं सरकली आणि तिनं रस्त्यातच बसकण मारली. दुसरीची कास इतकी जड की तिला नुसतं चालतानाच फेंगडं चालावं लागे. ती बिचारी उडी काय मारणार? साहेब म्हणाले, जाळ कमी करा. कमी केला. आणखी कमी केला. शेवटी फक्त धूर उरला आणि त्या धुराला भिऊन तिसरी गाय दिल्लीच्या बाईंच्या खुर्चीशेजारून देवळात शिरली. बाईंची हातमागाची साडी शेणानं भरली. बाई हिंदीत म्हणाल्या, "कोई तो गाय होगी जो कूदती हो?" साहेबांचा चेहरा असा झाला की मला क्षणभर, फक्त क्षणभर, त्यांची दया आली. मग ते अक्काकडे वळून हळूच म्हणाले, "अक्का, ती तुमची तांबडी कुठाय?"

मुनियक्कानं केंचीला आणलं. पेंढा पुन्हा रचला, चांगला उंच. शिंगांवर घाईघाईनं रंग फासला. केंचीनं कान हलवले, जाळाकडे बघितलं आणि शेपूट वर करून अशी झेपावली की खालून जाळ आणि वर ती, मधे नुसती हवा. बाया ओरडल्या. दिल्लीच्या बाई टाळ्या वाजवत उभ्या राहिल्या. कॅमेऱ्यात सगळं आलं: केंची, जाळ, निळे मणी, माझ्या साडीचा काठ. मुनियक्काही दोरी धरून पळताना त्यात आली होती, तिला कडेला सरकून दोरी धरायला सांगून पुन्हा एकदा उडी मारून घेतली. बाईंनी विचारलं, ही तुमच्या प्रकल्पातलीच ना? आणि साहेब, देवळासमोर उभे राहून, म्हणाले, "हो मॅडम, अर्थात."

तुम्हाला वाटेल, आता तरी केंचीला अभय मिळालं असेल. मलाही वाटलं होतं.

त्याच महिन्यात अक्का माझ्याकडे अवरेकाई सोलायला आली. ही आमची दर वर्षाची चैन. दोघी बहिणी ओसरीवर पाय पसरून बसायचो, दाणे सोलायचो, साऱ्या नातेवाइकांची सालंही काढायचो. त्या वेळी ती उड्या मारणाऱ्या गाईची नक्कल करून दाखवत होती, साहेबांची तर फारच छान. मी हसून हसून बेजार झाले होते. आणि तिकडे तिच्या गावात, ती नाही असं बघून, साहेबांनी दाजींना गाठलं होतं. पुढचा हप्ता, नवा पंखा, दूध काढायचं यंत्र, सगळं फक्त 'शुद्ध संकरित गोठ्या'ला मिळणार होतं. शुद्ध संकरित! हे शब्द एका दमात बोलताना त्यांची जीभ अडखळली कशी नाही? दाजी वाईट नव्हते. साहेबासमोर मान हलवायची सवय कारखान्यात लागलेली. त्यांनी मान हलवली. व्यापारी टेम्पो घेऊन आला आणि केंचीला घेऊन होसूर रोडनं गेला. कुठं, ते दाजींनी विचारलं नाही.

अक्का परत गेली तेव्हा खुंटा रिकामा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मुनियक्का भारा घेऊन आली, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं गवत दाणकन टाकलं आणि सवयीनं चेंबू पुढं केला. अक्का फोनवर मला एवढंच म्हणाली, "काय घालू गं मी त्या चेंबूत?"

पुढचं सांगायला मला कंटाळा येतो, कारण त्यात नवीन काही नाही. बोअरला पाणी लागेना, नेपियर वाळलं, मोठ्या गाईंच्या कासा सुजल्या, एकेक करून त्या गेल्या. प्रोजेक्ट 'यशस्वीरीत्या पूर्ण' झाला. मग तळ्याचा विकास करायला दुसरी मंडळी आली. त्यांनी काठाला जाळीचं कुंपण घातलं, चालायला फरशीची वाट केली. आता तिथं समोरच्या उंच इमारतींतली माणसं कानात गाण्यांची बोंडुकं घालून भराभर चालतात. गवत कापायला मनाई आहे. मुनियक्का कंत्राटदाराकडे लागली आहे. ती त्या वाटेवरचं गवत झाडते आणि प्लास्टिकच्या काळ्या पिशव्यांत भरते. त्या पिशव्या कुठं जातात, तिलाही माहीत नाही.

अक्का मात्र तेव्हापासून एळ्ळु-बेल्ल खात नाही. करते सगळं नीट, खोबऱ्याचे काप तर असे बारीक की बघत राहावं. वाटतेही. पण स्वतः तोंडात टाकत नाही. पहिल्या वर्षी मी म्हटलं, अगं, गावात अजून कुणाकुणाच्या गाई आहेत, त्यांना दे वाटा आणि खा. तर म्हणाली, "त्यांना त्यांच्या घरचं मिळतं की. हा केंचीचा आहे. ती कुठं आहे, आहे की नाही, मला कुठं माहीत? ती उपाशी असेल तर मी कशी खाऊ?" मी शिव्यांची यादी लांबवली.

यंदा संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी अक्काला डोळ्याच्या डॉक्टरकडे दाखवायला मी इंदिरानगरला नेलं. मोतीबिंदू पिकलाय. तिच्या पिशवीत डबा होताच, डॉक्टरांना दिलं, नर्सला दिलं, रिक्षावाल्या अण्णालाही दिलं. तपासून बाहेर पडलो, रस्ता ओलांडला आणि अक्का थांबली. समोर काचेचं मोठं दुकान. काचेमागे, भिंतभर चित्र.

डोळे तिचे गेलेले आणि ओळखलं मात्र तिनं आधी. खाली जाळ, वर केंची, मधे हवा. गळ्यात निळे मणी, पिवळ्या काठावर लाल रुईफूल. मुनियक्का कापून टाकली होती, तिच्या हातातली दोरीसुद्धा पुसून टाकली होती. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: देशी गाईचं शुद्ध दूध, थेट आनंदी गाईंकडून. म्हणजे ज्या गाईला अनुत्पादक म्हणून हाकललं, तिलाच आता भिंतीवर चढवून काचेच्या बाटलीतून विकतात. एक शहाणा घालवून देतो, दुसरा शहाणा विकून खातो. मला तिथंच, रस्त्यात, थुंकावंसं वाटलं.

अक्का तोवर आत गेली होती, मी तिला हाका मारत मागोमाग गेले. गल्ल्यावरची मुलगी आमचं बोलणं ऐकून खुलली. "अय्या, तुम्ही मराठी? मी पुण्याची! आजी, काय देऊ? ताक ट्राय करा ना, मसाला बटरमिल्क, एकदम फ्रेश." अक्कानं बाटलीकडे बघितलं. "ताक विकता?" तिनं विचारलं. मुलगी म्हणाली, "हो, आमचं बेस्ट सेलर आहे." अक्कानं बाटली मागं सारली. मग चित्राकडे बोट करून म्हणाली, "ही गाय माझी आहे."

मुलीनं छातीवर हात ठेवला. तिचे डोळे खरंच भरून आले. "हो आजी," ती म्हणाली, "आपल्या सगळ्यांचीच आहे ती."

"सगळ्यांची काय?" अक्का म्हणाली. "मग शेण कोण काढतं गं हिचं?"

मुलगी गोड हसली. अक्कानं पिशवीतून डबा काढला, मूठभर एळ्ळु-बेल्ल घेतलं आणि चित्राखालच्या फळीवर, केंचीच्या तोंडाच्या बरोबर खाली, नीट ठेवलं. मग हात जोडले नाहीत, नुसता तळवा तसाच उघडा धरून उभी राहिली. मी तिच्या दंडाला धरून तिला बाहेर घेऊन आले. दारातून वळून बघितलं तर मुलीनं "प्रसाद!" म्हणून ती मूठ उचलली होती आणि चवीनं खात होती. अक्कानंही बघितलं.

परत येताना रिक्षा केली. मी तिचा डबा उघडला, चिमूटभर तिच्या तोंडाजवळ नेलं. म्हटलं, "खा आता. ठेवलास ना वाटा तिच्यापुढं?"

अक्कानं माझा हात बाजूला केला आणि डब्याचं झाकण घट्ट लावलं.

"ठेवला," ती म्हणाली. "पण गाईनं कुठं खाल्लाय अजून?"